नत्थुजी पारखी आणि मुकं झाड

बाळापूर तालुक्यातल्या टाकळीचा नत्थुजी पोहरे तीस वर्षं झाडं उपटून फेकण्याचं काम करत होता, आणि त्या कामाचा त्याला असा काही ताठा होता की पाटलाला नसेल, मामलेदाराला नसेल. वर्षाचे दहा महिने तो चारचौघांसारखा शेतकरी. काळ्या मातीतली पऱ्हाटी, ज्वारी, तूर, घरची दोन बैलं. पण पोळा झाला की निमाडातून पत्र यायचं, आणि नत्थुजी धोतर-बंडी परीट घडीची घालून, डोक्याला पागोटं बांधून खांडव्याच्या बाजूला निघायचा. तिकडे सरकारी परवान्यावर गांजाची शेती होत असे, आणि तिथला तो पारखी होता.

पारखी म्हणजे कोण, हे सांगायला हवं. गांजा धरतो तो मादी झाडाला. शेतात एक नर जरी फुलला तरी वारा आपलं काम करतो, साऱ्या माद्यांना बी धरतं, आणि बियांनी भरलेला गांजा कोणी विकत घेत नाही. म्हणून फुलण्याआधीच नर हुडकून उपटायचे असतात. तेव्हा नर आणि मादी यांच्यात फरक असतो तो पानाच्या बेचक्यातल्या ज्वारीच्या कणीएवढ्या गाठीचा. नत्थुजी सकाळच्या उन्हात सरीतून चालत जाई, झाडाला हात न लावता बघे, आणि बोट दाखवी. मागून येणारा गडी ते झाड उपटी. शेताचा मालक शंभर पावलांवर तोंड मिटून उभा राही, कारण मध्येच कोणी बोललं की नत्थुजी तडक बांधावर जाऊन बसे. तीस वर्षांत त्याचं एक बोट चुकलं नव्हतं. तो स्वतः गांजा तर सोडाच, विडीही ओढत नसे.

एकोणीसशे त्रेपन्न साली मात्र त्याच्या नाकावर माशी बसली. एका मालकाच्या शेताच्या कोपऱ्यात सहा झाडं निघाली. मादीच, बोंडं भरगच्च, वासही होता. पण गड्यांनी चोरून ओढून पाहिली तर काहीच नाही. नुसता धूर. गडी त्या झाडांना मुकी म्हणू लागले, आणि मालकाने सगळ्यांदेखत नत्थुजीला विचारलं की तुमच्या नजरेत काही फरक पडला का. नत्थुजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ती सहाही झाडं आपल्या हाताने उपटली, त्यांत चुकून धरलेल्या पाच-पंचवीस बिया धोतराच्या सोग्यात बांधल्या, वाळलेल्या फांद्यांचा भारा केला आणि गाडीत बसला. आपण कुठे चुकलो ते घरी लावून बघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घरी बायको सुभद्रा होती आणि आठ वर्षांची कुंदा. एकच लेकरू, आणि त्याला मिरगी.

सहाव्या वर्षापासून पोरीला झटके येत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलता बोलता डोळे फिरायचे, दातखीळ बसायची, हातपाय आखडायचे. चुलीजवळ, विहिरीजवळ तिला एकटी सोडायची सोय नव्हती. कांदा हुंगवून झाला, कौंडण्यपूरच्या देवीला बोलून झालं. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी झटके कमी झाले होते, खोटं कशाला बोला, पण पोर दिवसभर पेंगायची. शाळेत मास्तरांनी नाव पुकारलं तर शेजारच्या मुलीने ढोसल्याशिवाय तिला कळत नसे. पुढे पुढे तर ती गोळीचं नाव काढलं की दात आवळून बसायची.

मुक्या झाडांचा भारा गोठ्यात टांगलेला होता. हिवाळ्यात कुंदाचं पोट बिघडलं. वऱ्हाडात पोट बिघडलं की जनावराला आणि माणसालाही भांगेचं, म्हणजे गांजाच्याच झाडाचं, पान थोडं तुपात परतून देतात. सुभद्रेने विचार केला, ह्या पानाने डोकं फिरत नाही, मग लेकराला हेच बरं. पाच-सहा दिवस दिलं. पोट थांबलं, पण लेकराला गुळासंगं ते तूप आवडलं म्हणून तिने आणखी काही दिवस चालू ठेवलं. आणि अकराव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, अकरा दिस झाले. झटका नाई."

नत्थुजी हसला. झाडाच्या बाबतीत बायकोने त्याला सांगावं, हे त्याच्या गणितात बसत नव्हतं. तो म्हणाला, योगायोग असेल. त्यावर सुभद्रा एवढंच म्हणाली की मग बंद करून बघा. बंद केलं. चौथ्या दिवशी पोर अंगणात कोसळली.

आता मात्र त्याच्यातला पारखी जागा झाला. गोठ्याच्या भिंतीवर गेरूने रेघा ओढायचा त्याने नेम धरला, झटक्याला एक रेघ. महिनाभर पान द्यायचं, पंधरा दिवस थांबायचं, पुन्हा द्यायचं. तीन वेळा असं केलं. पोरीला त्रास होत होता आणि सुभद्रा त्याला शिव्या देत होती, पण त्याने खात्री झाल्याशिवाय कधी बोट उचललं नव्हतं. पान नसलेल्या पंधरवड्यात सहा-सात रेघा, पान असलेल्या अख्ख्या महिन्यात एक किंवा दोन. मग त्याने बाळापूरच्या परवान्याच्या दुकानातली नेहमीची भांग आणून तशीच तुपात दिली. कुंदा तासभर उगीच हसत सुटली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली, आणि संध्याकाळी झटका आलाच. झाडात चढणारं एक असतं आणि झटका धरून ठेवणारं दुसरंच काहीतरी असतं, असं नत्थुजीने त्या दिवशी सुभद्रेला सांगितलं. कोणत्या पुस्तकाने त्याला ते शिकवलं नव्हतं, आणि त्या वेळी बहुतेक कोणत्या पुस्तकात ते नव्हतंही.

तेव्हापासून गोठ्यामागे दरवर्षी मुकी झाडं उगवू लागली. तीन माद्या आणि एक नर. जन्मभर नर उपटणाऱ्या माणसाला बियांसाठी स्वतःच्या दारात नर राखावा लागत होता, आणि निमाडात कोणाला हे कळलं असतं तर त्याने तोंड लपवलं असतं. मिरगी पुरती गेली नाही. पण कुंदा शाळेत जागी राहू लागली, चौथी झाली, सातवी झाली, आणि विहिरीवरून एकटी पाणी आणू लागली.

एकोणसाठ साली वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा लागू झाला. दारूबरोबर गांजा-भांगही गेली, बाळापूरचं दुकान बंद झालं. गावातल्या शहाण्यांनी नत्थुजीला सांगितलं की गप्प बस, तुझ्या गोठ्यामागे कोण येतंय. पण हा माणूस चोरासारखं जगायला तयार नव्हता. त्याने बाळापूरच्या शाळेतल्या मास्तरांकडून सरकारला अर्ज लिहून घेतला : माझ्या घरी चार झाडं आहेत, त्यांनी नशा होत नाही, माझ्या मुलीच्या मिरगीला त्यांचा उपयोग होतो, सबब परवाना मिळावा. मास्तरांनी लिहिता लिहिता दोनदा लेखणी खाली ठेवली आणि विचार कर म्हणून सांगितलं. नत्थुजी म्हणाला, "मास्तर, खरं लिवून मांगून राहिलो. चोरी करून नाई." असं त्याने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

परवाना आला नाही. भाद्रपदात, नत्थुजी निमाडाला निघायच्या आधीच, जमादार आला, दोन शिपाई घेऊन.

जमादार नवा होता, रत्नागिरीकडून बदलून आलेला. त्याच्याजवळ कागदावर छापलेलं गांजाच्या पानाचं चित्र होतं. पाच बोटांचं पान, करवतीसारखी कड. गोठ्यापर्यंत तो पोचलाच नाही. नत्थुजीच्या शेताच्या कडेने पुरुषभर उंचीची अंबाडी उभी होती, जिची भाजी सारं वऱ्हाड भाकरीबरोबर खातं आणि जिच्या वाखाचे दोर वळतं. तिचंही पान पाच बोटांचं, तिलाही करवतीची कड. जमादाराने कागद पानाजवळ धरला आणि त्याचा चेहरा उजळला. अर्जात चार झाडं लिहून लुच्च्याने बेचाळीस लावली म्हणाला, आणि शिपायांना कामाला लावलं.

नत्थुजीच्या जिभेवर शब्द आला होता. जमादार, ही भाजी हाय. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर झाड चुकीचं उपटलं गेलं नव्हतं, आणि इथे एक आडदांड माणूस सरळ अंबाडीचे बिंडे बांधत होता. त्याने तोंड उघडलं, आणि दारात उभी असलेली कुंदा त्याला दिसली. चौदा वर्षांची, काखेत घागर. गोठ्यामागच्या झाडांना अजून बी धरायची होती. बी हातात यायला दिवाळी उजाडणार होती, आणि मागचं बी सारं पेरून झालेलं असल्यामुळे त्याआधी झाडं गेली की वाण संपला. निमाडात त्याने दरवर्षी शोधलं होतं, तसं मुकं झाड पुन्हा कुठे निघालं नव्हतं. नत्थुजीने तोंड मिटलं.

पंचनाम्याला जानराव पाटलाला बोलावलं. जानरावाने अंबाडीचे बिंडे पाहिले, जमादाराकडे पाहिलं, मग बराच वेळ नत्थुजीकडे पाहिलं. जमादाराने विचारलं, हे काय आहे? जानराव म्हणाला, "तुमी सायेब लोक. तुमी म्हन्ता तं गांजाच असन." आणि त्याने सही केली. जमलेलं गाव मूग गिळून उभं होतं, आणि दोन-तीन बायका पदर तोंडात धरून घरात पळाल्या.

अकोल्याचे वामनराव वकील जानरावाच्या ओळखीने वकीलपत्र घ्यायला तयार झाले. हकिगत ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. खटला दोन मिनिटांचा आहे म्हणाले, तुम्ही तालुक्यातले एकटे पारखी, कोर्टाने विचारलं की ही अंबाडी आहे म्हणून सांगा, जमादार तोंडघशी पडेल. नत्थुजीने विचारलं, मंग? वामनराव म्हणाले, मग काय, सुटलात. नत्थुजीने विचारलं, अन् जमादार? तो चिडून माहितगार माणूस घेऊन पुन्हा येईल, घर धुंडाळील, आणि अर्जातली खरी चार झाडं काढून नेईल, हे वामनरावांनी नाइलाजाने कबूल केलं. तारीख आश्विनात होती. नत्थुजी मान हलवून उठला.

बाळापूरच्या कोर्टात त्या दिवशी शेतकऱ्यांनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. टेबलावर वाळून खडंग झालेले बिंडे पडले होते, पानांचा चुरा झालेला. मॅजिस्ट्रेटसाहेब मुंबईकडचे. त्यांनी आरोपीला विचारलं, हा गांजा आहे का? वामनरावांनी डोळ्यांनी खूण केली.

"हो सायेब. गांजा हाय. मीच लावला," नत्थुजी म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. नत्थुजीची नजर गेली रे, असंही कोणी म्हणालं. साहेबांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी सांगितलं की तुम्ही एवढी वर्षं पारखी आहात, हातात घेऊन नीट पाहा. नत्थुजीने एक काडी उचलली. अंबाडीच्या काडीला बारीक काटे असतात, ते त्याच्या बोटात रुतले. त्याने ती काडी उजेडात धरली, फिरवली, आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "गांजाच. नर हाय का मादी, तेबी सांगू काय?"

आता सारं कोर्ट हसलं. साहेबांना वाटलं, हा उद्दाम माणूस आपली टर उडवतो आहे. ते बरोबरच होतं. दोन महिने साधी कैद झाली.

अकोल्याच्या तुरुंगात नत्थुजीने दिवाळी काढली. तिकडे सुभद्रेने बी झाडून घेतलं, पानं सावलीत वाळवली. तो सुटून आला तेव्हा गेरूच्या रेघा पहिल्यासारख्याच विरळ होत्या. त्याने त्या दोनदा मोजल्या, आणि बरं वाटलं त्याला. खूप बरं वाटलं.

पण त्याची किंमत द्यावीच लागली. कोर्टातली हकिगत पिकत पिकत निमाडात पोचली. स्वतःच्या शेतातल्या अंबाडीला गांजा म्हणून तुरुंगात गेलेला पारखी! पुढच्या पोळ्यानंतर पत्र आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाळापूरच्या बाजारात भाजीवाल्या बायका त्याच्यापुढे मेथीची जुडी धरून विचारत, नत्थुजी, हे काय हाय सांगा बरं. जमादाराची बदली झाली, आणि खात्याने ठरवून टाकलं की त्या म्हाताऱ्याची अर्जातली झाडंही अंबाडीच असणार. घरावर पुन्हा कोणी आलं नाही. नत्थुजी जोवर मूर्ख होता तोवर झाडं सुरक्षित होती, हे त्याला पक्कं कळत होतं. म्हणून तो मेथीला मेथी म्हणून पुढे चालू लागे. पण रात्री जेवताना तो अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठायचा, आणि सुभद्रेला न सांगता ते दिसायचं.

चौसष्टच्या हिवाळ्यात हरिहर आला. अर्ज लिहून देणाऱ्या मास्तरांचा हा मुलगा, अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलेला. वडिलांनी जपून ठेवलेली अर्जाची नक्कल त्याच्या खिशात होती. त्याने सांगितलं की कॉलेजात परदेशी मासिकं येतात, त्यात वाचलं. गांजाच्या झाडात एक द्रव्य असतं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच ते वेगळं काढलेलं होतं, आता त्याची रचना नक्की झाली. त्याने नशा येत नाही. नाव कॅनाबिडिओल.

नत्थुजीने ते नाव त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं की हे द्रव्य कशाच्या कामी येतं, असं लिहिलंय तिथं?

"ते अजून कोणालाच नीट माहीत नाही, काका."

"मले माहीत हाय," नत्थुजी म्हणाला.

त्याने हरिहरला गोठ्यात नेलं आणि अकरा वर्षांच्या रेघा दाखवल्या. हरिहर दुपारभर वहीत उतरवत होता. कुंदा आता एकोणीस वर्षांची होती. तिने स्वतः त्याला सांगितलं की गेल्या वर्षात पाच झटके, त्यातले तीन घरातलं पान संपलं होतं तेव्हाचे. हरिहर एक एक आकडा पुन्हा विचारून घेत होता. एकाच माणसावरून काही सिद्ध होत नाही, असंही त्याने सांगितलं, आणि नत्थुजीला ते पटलं. एका झाडावरून शेत सांगता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण कोणीतरी पुढे शोधायला तर हवं.

वही मिटून हरिहर घुटमळला. मग म्हणाला की आमच्या प्राध्यापकांना मी तुमचं नाव सांगितलं तर ते हसले. अंबाडीला गांजा म्हणणारा तोच ना, म्हणाले, मग पोरीलाही अंबाडीचंच तूप दिलं असेल. काका, तुम्ही कोर्टात मुद्दाम खोटं बोललात, एवढं लिहून द्या. नाहीतर ह्या वहीला कोणी विचारणार नाही.

नत्थुजीने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. त्याचं गेलेलं नाव समोर येऊन उभं होतं, हात लांब केला की मिळत होतं. निमाडातले मालक, मेथीवाल्या बायका, सगळ्यांच्या तोंडावर मारता आलं असतं. पाच वर्षं त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. पण खोटं बोललो असं लिहिलं की खरी झाडं आहेत असंही लिहिल्यासारखंच होतं. तो म्हणाला, "नाई लिवत. तुमच्या सायेबाले सांगा, नत्थुजीले झाड वयखता येत नाई."

हरिहर वही उचलून उठला. तेव्हा कुंदा पुढे आली आणि तिने ती वही त्याच्या हातातून काढून घेतली. तिने म्हटलं की झटके मला येत होते, बाबांना नाही. मी लिहून देते.

सुभद्रेने तिचा हात धरला. अकोटचं एक स्थळ ठरत आलं होतं, आणि पोरीला मिरगी असल्याचं त्या घरी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. हरिहरलाही ते समजलं. तो म्हणाला, "हे छापलं गेलं तर तुमचं नाव सगळ्यांना कळेल. लग्नाचं अवघड होईल."

"लपवून लगन करा लागत असन तं ते नाई झालं तरी चालते," कुंदा म्हणाली. आईचा हात तिने हळूच सोडवला आणि खाली बसून लिहिलं : कुंदा नत्थुजी पोहरे, वय एकोणीस, मिरगी. वर लिहिलं आहे ते खरं आहे. मी मुक्या झाडाचं पान खाल्लं. मग तिने वही बापापुढे धरली. साक्षीदार लागतो, म्हणाली.

नत्थुजी म्हणाला की माझ्या सहीला कोण विचारतं, जानरावाला बोलाव. आणि सही केली तर उद्या लोक झाडं शोधत येतील, ते वेगळंच.

"येऊ द्या. मी लहान होती तवा तुमी माह्यासाठी मुकाट बसले, बाबा. आता मी लहान नाई," ती म्हणाली.

नत्थुजीने हरिहरचा पेन घेतला. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, सही करायला त्याला वेळ लागत असे. त्याने लिहिलं, नत्थुजी सखाराम पोहरे, मुक्काम टाकळी. हरिहरने वही घ्यायला हात पुढे केला, पण नत्थुजी थांबा म्हणाला. तो पुन्हा कागदावर वाकला आणि नावापुढे मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला : पारखी.